बोर्डावर कोण बसणार?

सत्तरच्या दशकात मी नागपूरजवळच्या हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत टेलिफोन ऑपरेटर होते. लोखंडी कपाटं आणि टेबलं तयार करणारा कारखाना होता तो. गेटमधून आत शिरलं की डाव्या हाताला टाइम ऑफिस, त्याच्या मागे एक अरुंद खोली आणि त्या खोलीत माझा बोर्ड. बोर्ड म्हणजे लाकडी कपाटासारखा उभा सांगाडा. त्याच्या छातीवर भोकांच्या रांगा आणि खाली दोऱ्या. कारखान्यात कुणी फोन उचलला की त्याच्या नंबरावरची बारकी झडप खट्‌कन खाली पडायची. मी दोरीचं एक टोक त्या भोकात खोचायचे, "नंबर प्लीज" म्हणायचे आणि तो सांगेल तिथं दुसरं टोक लावायचे. दिवसभर हेच.

पण मी आले होते काटोलकडच्या खेड्यातून. घरी शेती. आमच्या गावात टेलिफोन एकच, पोस्टातला, आणि तोही पोस्टमास्तर रुमालाखाली झाकून ठेवायचे. त्यामुळे या बोर्डावर पहिल्यांदा मुंबईहून आलेला आवाज कानात पडला तेव्हा मी नकळत स्टुलावरून उठून उभी राहिले होते. टाइमकीपरकाका दारातून बघत होते. ते हसून म्हणाले, "बस वं बाई खाली. मुंबईले काही दिसून नाही राहिलं."

मला मात्र पुढे किती तरी दिवस ते खरं वाटायचं नाही. माझ्या कानात एक माणूस मुंबईत खोकतो आहे, आणि मी हिंगण्याला बसून तो खोकला ऐकते आहे! सवय व्हायला हवी होती, ती झाली नाही.

गावाबाहेर फोन करायचा तर तेव्हा तो आपला आपल्याला लागत नसे. शहरातल्या ट्रंक एक्स्चेंजला सांगून कॉल बुक करायचा आणि मग वाट बघत बसायचं. तिथल्या सकाळच्या पाळीत एक बाई असायच्या. नाव मला ठाऊक नव्हतं, विचारायची रीतही नव्हती. मी त्यांना ताई म्हणायचे, त्या मला पोरी म्हणायच्या. त्यांचा आवाज खालच्या पट्टीतला, संथ. लाइन कितीही खराब असो, समोरचा कितीही तडतडत असो, त्या आवाजाला कधी घाई झाली नाही. त्या आवाजाची बाई मी मनात उभी केली होती. उंच, भरदार, कोसा सिल्कचं पातळ, कपाळावर मोठं कुंकू. अशी बाईच देशाच्या मधोमध बसून मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास हाताळू शकते, असं मला वाटायचं.

कामावर लागले त्याच महिन्यात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली होती. "पोरी, ऑपरेटरच्या कानाले दार नसते. तोंडाले असावं लागते."

ते मी पाळलं. पाळावं लागलं, कारण त्या वर्षी आमच्या मॅनेजर साहेबांना बडोद्याहून फोन येऊ लागले.

साहेब नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराण्यातले. उंच, घोगऱ्या आवाजाचे. बोलणं शुद्ध आणि तोलून मापून, पण वर्कशॉपमध्ये चक्कर मारायला निघाले की वेल्डर बिड्या विझवायचे. माझ्या खोलीत ते कधी आले नव्हते. बडोद्याचे फोन यायचे ते पीपी, म्हणजे त्याच माणसाशी बोलायचं असलेले, दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत असे. एकदा लाइन मध्येच तुटल्यासारखी झाली. ती चालू आहे की नाही हे बघायला मला बोर्डावरची ऐकायची चावी ओढून आत कान द्यावा लागला. साहेब म्हणत होते, "मग मुलाखत शनिवारी ठेवा. शुक्रवारी मी कंपनीच्याच कामाने मुंबईत आहे. तिथून परस्पर येतो." मी चावी लगेच मागे केली.

लाइन चालू होती. साहेब नोकरी सोडायच्या विचारात होते.

मी हे मावशीलासुद्धा सांगितलं नाही. मी प्रताप नगरात मावशीकडे राहत होते. तेव्हा तिकडे घरं विरळ, मध्ये मोकळे प्लॉट, आणि हिंगणा रोडपर्यंत चालत गेलं की कंपनीची बस मिळायची. बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर अकाउंटमधले लोक रोज साहेबांच्या नावाने कुजबुजायचे. मी खिडकीबाहेर बघत बसायचे. मनात मात्र यायचं, मोठ्या माणसांचं बरं असतं. त्यांच्या इंटरव्ह्यूला कंपनीचा दौरा मिळतो.

मग एक दिवस सकाळी बुकिंग झाल्यावर ताई म्हणाल्या, "पोरी, आमच्या इकडे जागा निघून राहिल्या. तुझा आवाज साफ आहे. अर्ज टाकून दे."

"मी? ट्रंकवर?"

"काहून? तुले काय झालं? तिथं एक बोर्ड सांभाळते, इथंही एकच सांभाळायचा. फक्त दोऱ्या लांब आहेत."

मी अर्ज टाकला. पावसाळा गेला, दिवाळी आली, गेली. मला वाटलं, राहिलं. आणि एका संध्याकाळी घरी आले तर मावशी फाटकातच उभी. इंटरव्ह्यूचं पत्र आलं होतं. तिने ते देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकूही लावलं होतं.

"सरकारी हाय न वं?"

"सरकारी आहे."

"मंग? तोंड काहून पाडून राहिली?"

तोंड पडलं होतं कारण इंटरव्ह्यू बुधवारी होता, सकाळी. आणि बुधवारी सकाळी मुंबईच्या हेड ऑफिसचा फोन यायचा. त्या फोनवर आठवड्याचं सगळं ठरायचं. किती माल निघाला, किती अडला, कुणाला बोलणी बसणार. मोठे साहेब तिकडून एकामागून एक खाती मागायचे. स्टोअर द्या, अकाउंट द्या, डिस्पॅच द्या. मी एकटी ऑपरेटर. मी आजारी पडले तरी बुधवारी पडायची नाही, हे मी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

आधी ताईंनाच विचारलं, "तारीख पुढे नाही का होणार?"

"सरकारी तारीख आहे वं, लग्नाचा मुहूर्त नाही. इंटरव्ह्यू घ्यायला मोठे अधिकारी बाहेरून येऊन राहिले. त्या दिवशी नाही आली तर नाही आली." मग आवाज जरा मऊ झाला. "काहीतरी कर. पण ये."

मग टाइमकीपरकाकांकडे गेले. ते या कारखान्यातल्या सगळ्या सुट्ट्यांचे जाणकार. कोण लग्नाला गेला म्हणून सांगून दुसऱ्या कंपनीच्या गेटवर उभा होता, हे त्यांना बरोबर कळायचं. त्यांनी माझं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "यात काय आहे? मावशीले दवाखान्यात टाक."

"मावशी ठणठणीत आहे हो."

"कागदावर टाक म्हणतो मी. आमच्या प्रेसशॉपमधल्या एकाने आपली आजी तीनदा मारली. आजी अजून जिवंत आहे, मटण खाते."

मी रात्रभर सराव केला. सर, मावशीला बरं नाही. सर, मावशीला अचानक. सकाळी मावशीने गरम पोळ्या बांधून देताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला दवाखान्यात टाकायचं माझ्याने होईना.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांच्या केबिनसमोर गेले. आत ते एकटेच होते, समोर डबा उघडा. मी दारातूनच म्हटलं, "सर, मला बुधवारी सुट्टी हवी."

"बुधवारी?" त्यांनी मान वर केली. "बुधवारी नाही मिळणार, बाई. तुम्हाला माहीत आहे."

"सर, माझा इंटरव्ह्यू आहे."

म्हटलं आणि माझे मलाच कान तापलेले कळले. अशी गोष्ट कुणी मॅनेजरला सांगतं का? साहेबांनी हातातला घास डब्यात ठेवला.

"कुठे?"

"ट्रंक एक्स्चेंजला."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. बाहेर पत्रे ठोकणारी प्रेस चालू होती, तिचे ठोके फरशीतून पायांना लागत होते. मग त्यांनी विचारलं, "बोर्डावर कोण बसणार?"

"तेच विचारायला आले, सर."

त्यांनी रुमालाने हात पुसले. खिडकीकडे बघत म्हणाले, "कित्येक महिने झाले, तुम्ही मला बडोदं जोडून देता आहात."

मी फरशीकडे बघितलं.

"या कारखान्यात कुणाला चहात साखर किती लागते हेसुद्धा गुप्त राहत नाही. पण ती बातमी बाहेर गेली नाही. मी रोज वाट बघत होतो, आज कुणीतरी विचारेल, उद्या कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचा तो बोर्ड अवघड असतो का हो?"

मला प्रश्नच कळला नाही.

"म्हणजे माझ्यासारख्याला दोन-तीन दिवसांत येईल का? मला शिकवा."

मी आजवर अनेक मोठी माणसं पाहिली, भाषणं ऐकली, बक्षिसं घेताना पाहिली. पण त्या दुपारी तो भारदस्त माणूस माझ्या अरुंद खोलीत वाकून शिरला आणि माझ्या स्टुलावर बसला, तसं पुन्हा काही पाहिलं नाही. हेडसेट त्यांच्या डोक्याला पुरेना. मी त्याची पट्टी ताणून दिली. त्यांची बोटं जाड, दोरी धरली की दुसऱ्या तीन हातात यायच्या. झडप पडली की ते दचकायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी स्टोअर आणि कँटीन जोडून दिलं. स्टोअरकीपर पत्र्याचे शीट मागतो आहे आणि कँटीनवाला त्याला सांगतो आहे की आज फक्त आलूबोंडे आहेत. साहेब हेडसेट हातात धरून माझ्याकडे असहायपणे बघत राहिले.

"सर, मागची दोरी बोलावणाऱ्याची, पुढची जोडायची. आणि 'नंबर प्लीज' जरा हळू म्हणा. रागावल्यासारखं वाटतं."

"हा माझा नेहमीचा आवाज आहे."

"म्हणूनच, सर."

शॉपमध्ये बातमी गेली की साहेब टेलिफोनची तपासणी करत आहेत. कुणी काही विचारलं नाही. टाइमकीपरकाका मात्र दोन-तीनदा विनाकारण दारावरून गेले आणि शेवटी मला म्हणाले, "मी इथं लागलो तेव्हापासून असं नाही पाहिलं वं. तू त्याईले काय सांगितलं?"

"खरं सांगितलं."

काकांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नाही.

मंगळवारी जाताना साहेब म्हणाले, "तुम्हाला मी उद्या टेलिफोनच्या कामासाठी टेलिफोन ऑफिसला पाठवतो आहे. कुणी विचारलं तर हेच सांगायचं." मग स्वतःशीच, "यात खोटं काय आहे?"

बुधवारी मी मावशीचं चांगलं पातळ नेसून शहर बसने निघाले. टेलिफोनची ती इमारत मी बाहेरून पुष्कळदा पाहिली होती. दगडी, रुंद जिना असलेली. आत वऱ्हांड्यात मुलींची रांग लागली होती, भंडाऱ्याच्या, वर्ध्याच्या, चांद्याच्या. कुणी नोकरी करणारी दिसेना. माझ्या शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, "माही बहीण शाळेला दांडी मारून सोबत आली." तिची बहीण पलीकडे खरंच पाटी-दप्तर घेऊन बसली होती.

आधी कानाची परीक्षा झाली. एका खोलीत फोन कानाला लावून बसायचं, दुसऱ्या खोलीतून कुणीतरी गावांची नावं आणि नंबर वाचणार. मध्येच मुद्दाम खरखर करत होते. मला ते सोपं गेलं. आमच्या बोर्डावर प्रेसचे ठोके चालू असतानाच सगळं ऐकावं लागे.

मग आत बोलावलं. लांब टेबलामागे तीन अधिकारी आणि एका कडेला चष्मा लावलेल्या सुपरवायझर बाई. नाव, गाव, शिक्षण झालं. मग मधल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "सध्या नोकरीत आहात. आज कामाचा दिवस. रजा घेतलीत?"

"नाही सर. साहेबांनीच पाठवलं."

"तुमच्या जागी कोण आहे?"

"साहेब."

"साहेब म्हणजे?"

"आमचे मॅनेजर, सर. ते बोर्डावर बसलेत."

तिघे हसले. वाईट हसू नव्हतं ते, पण कुणी विश्वास ठेवल्याचंही नव्हतं. माझ्या उजवीकडचे अधिकारी म्हणाले, "बाई, इथे खरं बोललेलं बरं असतं."

सुपरवायझर बाई तोवर काहीच बोलल्या नव्हत्या. त्यांनी टेबलावरचा फोन जवळ ओढला, माझ्या अर्जावरचा कारखान्याचा नंबर बघितला आणि तो मागितला. पलीकडे घंटी वाजत असल्याचं मला अंदाजाने कळत होतं. मग तो आवाज इतका मोठ्याने आला की चौघांनाही ऐकू गेला असावा.

"नंबर प्लीज!"

सुपरवायझर बाईंनी रिसीव्हर कानापासून जरा दूर धरला. "तुमच्या ऑपरेटर बाई आहेत का?"

"बाई टेलिफोनच्या कामाला टेलिफोन ऑफिसात गेल्या आहेत. मी मॅनेजर बोलतो आहे. काम असेल तर लवकर सांगा, माझ्या इथे दोन झडपा पडल्या आहेत."

बाईंनी हळूच फोन ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मधले अधिकारी टेबलाकडे बघत म्हणाले, "ठीक आहे. आम्हाला आणखी काही विचारायचं नाही."

मी बाहेर वऱ्हांड्यात आले. सुपरवायझर बाई मागून आल्या. "आलाच आहात तर हॉल बघून घ्या. पुष्कळ मुली हॉल बघून घाबरतात. आत्ताच कळलेलं बरं."

त्यांनी एक जाड दार ढकललं.

मी आमच्या गावातली जत्रा पाहिली होती, इतवारीच्या बाजारातली सणासुदीची गर्दी पाहिली होती. पण तिथं गोंगाट असतो. इथं लांबच लांब हॉलमध्ये बोर्डांची भिंत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि तिच्यासमोर पाठमोऱ्या बायका, ओळीने. कुणाच्या लांब वेण्या, कुणाचे अंबाडे. सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या आणि तरी एकीचाही आवाज चढलेला नव्हता. देवळाच्या गाभाऱ्यात घुमतो तसा एक सलग आवाज घुमत होता. आणि हात! दोऱ्या उचलत, खोचत, काढत. हजारो दिवे लागत विझत होते. त्यातला एकेक दिवा म्हणजे कुठंतरी एक माणूस रिसीव्हर घेऊन उभा आहे, हे मला अचानक जाणवलं. मला वाटत होतं मी बोर्ड ओळखते. मी तोवर फक्त त्याची खिडकी पाहिली होती.

मी उभ्या उभ्या तो एक आवाज शोधू लागले. खालच्या पट्टीतला, संथ. एवढ्यांतून सापडणं शक्य नव्हतं, पण सापडला. तिसऱ्या-चौथ्या खुर्चीवरून येत होता. मी सुपरवायझर बाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे जा.

मी जवळ गेले. उंच नाही, भरदार नाही. खुर्चीत एक लहानखुऱ्या बाई बसल्या होत्या, साधं सुती पातळ, केसांत पांढऱ्या बटा. पाय जमिनीला पुरत नव्हते म्हणून खाली लाकडाची फळी ठेवली होती. त्या बोलत होत्या, पण काहीतरी वेगळं होतं. त्या नंबर मागत नव्हत्या.

"आई, मी बोलतोय," त्या म्हणाल्या.

मी थांबले.

सुपरवायझर बाई माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "मुलगा कलकत्त्याला, आई मुंबईला. पूर्वेकडे वादळात तारा पडल्यात. कलकत्त्याला मुंबई ऐकू येत नाही, मुंबईला कलकत्ता ऐकू येत नाही. मध्ये आपल्याला दोन्ही ऐकू येतं. मग आपण सांगायचं. जसं बोलले तसंच. 'तो म्हणतो', 'ती म्हणते' असं नाही म्हणायचं. वेळ जातो, आणि माणूस गोंधळतो."

ताईंनी एका कानावर बोट दाबलं होतं. ऐकलं. मग चावी फिरवली आणि दुसरीकडे म्हणाल्या, "बाळा, तुझे बाबा सकाळी गेले रे. झोपेतच गेले."

पुन्हा ऐकलं. किती तरी वेळ काहीच आलं नसावं. त्या बोटाने चावी धरून होत्या. मग म्हणाल्या, "आई, मी निघतो. मिळेल त्या गाडीने निघतो."

"तुझ्यासाठी थांबायचं तरी कसं रे बाळा? सगळे म्हणतात, अग्नी द्यायला उद्यापर्यंत नाही थांबता येणार."

"आई, मग नका थांबू. मी येतोच आहे. तू जेव. काहीतरी खाऊन घे."

आवाज तोच, माझ्या रोजच्या बुकिंगचा. रडवेला नाही, कोरडाही नाही. एका बाजूला ताई मुलगा होत्या, दुसऱ्या बाजूला आई होत्या, आणि मध्ये कुठंच नव्हत्या. तीन मिनिटं कधीच उलटून गेली असतील. ऑपरेटरने तीन मिनिटं झाली की सांगायचं असतं. ताईंनी सांगितलं नाही. मी घाबरून सुपरवायझर बाईंकडे बघितलं. त्यांची नजर खिडकीबाहेर होती.

शेवटी ताई म्हणाल्या, "ठेवते रे बाळा." आणि चावी फिरवून, "ठेवतो, आई." मग दोन्ही दोऱ्या काढल्या. बाजूच्या तांब्यातलं पाणी प्यायल्या. पुढचा दिवा लागला होता, त्यांचा हात तिकडे गेला.

"ताई," मी म्हटलं.

हात थांबला. वळल्या नाहीत आधी, फक्त ऐकलं. मग वळून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पोरी? एवढीशी हायेस तू?"

त्यांनीही मला उंच कल्पिलं होतं! मला हसू येईना आणि रडूही येईना. "ताई, तुम्ही त्यांच्या आईला..."

"मी काय केलं वं? मायलेकरं बोलले." त्यांनी दिव्याकडे बोट दाखवलं. "हा पाहून राहिली न, किती वेळचा उभा आहे. जा तू. तुझ्या बोर्डावर कोण आहे?"

"साहेब."

"कोण?"

"उद्या सांगते, ताई."

दुपारी कारखान्यात परतले. गेटवर काकांनी मला बघून नुसते हात जोडले. खोलीत साहेब बसले होते, कोट स्टुलाच्या पाठीमागे खिळ्याला लटकवलेला, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. मी आत आले तरी त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "डिस्पॅच जोडतो आहे," ते कुजबुजले. जोडून दिलं, दोन क्षण ऐकलं, चावी मागे केली. मग उठले आणि कंबर धरून उभे राहिले.

"पाणी प्यायलासुद्धा उठता येत नाही की हो इथून."

"हो सर."

"मुंबईच्या साहेबांनी मला ओळखलं नाही. अकाउंट मागितलं, माझ्याकडून स्टोअर लागलं. म्हणाले, ऑपरेटर, झोपलास काय? मी म्हटलं, सॉरी सर." त्यांनी कोट घेतला. "मी त्यांच्याशी इतकी वर्षं बोलतो आहे. इतक्या तुटकपणे ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. तुमच्याशी असंच बोलतात?"

"घाईत असतात, सर."

ते दारापर्यंत गेले. मग विचारलं, "इंटरव्ह्यू कसा झाला?"

"त्यांनी तुम्हाला फोन केला होता, सर."

"तो त्यांचा होता?" साहेबांचा चेहरा पहिल्यांदा मला उतरलेला दिसला. "मी त्यांना लवकर बोला म्हणालो!"

नेमणुकीचं पत्र थंडी संपता संपता आलं. राजीनामा द्यायला गेले तेव्हा साहेबांनी तो वाचला, सही केली आणि बडोदं तिकडेच असल्यासारखं खिडकीकडे बोट केलं. "त्यांनी दुसरा माणूस घेतला. त्या शनिवारी बोलावलं होतं, पण मनातून ठरवून बसले होते." एवढंच बोलले. मी काय म्हणणार? मोठ्या माणसांना दौरा मिळतो, पण नोकरी मिळतेच असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ते हिंगण्यालाच राहिले. काकांनी नंतर सांगितलं की माझ्या जागी आलेल्या मुलीला बोर्ड शिकवायला ते स्वतः दोन दिवस तिच्या मागे उभे होते, आणि हेड ऑफिसच्या फोनवर एकदा म्हणाले म्हणे, "सर, आमच्या ऑपरेटर बाईंशी जरा सबुरीने बोला."

ट्रंकवर मला पहिले काही आठवडे एका जुन्या ऑपरेटरच्या शेजारी बसवलं, नुसतं ऐकायला. मग एका सकाळी सुपरवायझर बाईंनी एक खुर्ची दाखवली आणि त्या निघून गेल्या. मी बसले, हेडसेट चढवला. डोळ्यांसमोर दिवा लागला. दोरी खोचली.

पलीकडे दिल्ली होती. तिथल्या ऑपरेटरने विचारलं, "नागपुर?"

तिथं नाव सांगायचं नसतं, शहराचंच नाव घ्यायचं असतं. हे मला शिकवलेलं होतं, पाठ होतं. तरी मी अडखळले. दिल्लीत बसलेल्या एका बाईला या क्षणी नागपूर म्हणजे मी होते. सगळी बर्डी, महाल, इतवारी, प्रताप नगरातले मोकळे प्लॉट, आठ-नऊ लाख की किती माणसं, आणि त्यांच्या वतीने बोलायला काटोलकडची मी.

"नागपुर, बोलिए भी!" दिल्लीची बाई वैतागली. "लाइन पे हैं कि नहीं?"

"नागपूर," मी म्हटलं. "नंबर बताइए."